हातचलाखीची शाळा

लोणारचे सरोवर पाहायला आलेल्या पाहुण्यांना टळटळीत दुपारी घरातच रमवायचे, तर पत्त्यांचा कॅट हवाच. रमीचा कंटाळा आला, की घरातले पोर २१ पत्त्यांची जादू काढते. एकेक पत्ता मांडत सातसातचे ३ ढीग करायचे, मनातल्या पत्त्याचा ढीग मध्ये ठेवून सगळे उचलायचे. तीनदा असे केले की तो पत्ता नेमका अकरावा! माझी ही सर्वांत आवडती जादू. यात हातचलाखी नाही, निव्वळ गणित आहे. तरीही एकाच्या हाती ती रंगते, दुसऱ्याच्या हाती बँकेचा ताळेबंद होते. (ताळेबंदात माझी हयात गेली.)

जादूगार हे शिकतात कुठे? पुस्तके आहेतच. एर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली शिकागोत निघालेले पुस्तक पत्तेवाले आजही अभ्यासतात. डाय व्हर्नन यांनी ते लहानपणीच पचवले होते. तरी गड्डीच्या मधला पत्ता बेमालूम वाटणारा कुणी जुगारी आहे असे कानी येताच ते १९३२ मध्ये त्याला हुडकत मिसुरीतल्या खेड्यात गेले. आपल्याकडे पुण्याच्या जादूगार रघुवीर यांची विद्या मुलगा, मग नातू, अशी घरातच उतरली.

आता मुले मोबाइलवर शिकतात. त्यात वाईट काही नाही. गुपित हवे तितक्या वेळा थांबवून पाहता येते. पण समोरच्याची नजर हातावरून केव्हा ढळली, हे मोबाइल कसे सांगणार? त्यासाठी चष्मा पुसत, "पुन्हा कर बघू" म्हणणारे आजोबाच समोर लागतात.