मेगापिक्सेल नंतर, आधी मीटरिंग समजून घ्या!

शहागंजच्या घड्याळ टॉवरसमोर भर दुपारी फोटो काढला की आकाश झकास येते, पण माणसांचे चेहरे काळवंडतात. दोष कॅमेऱ्याच्या दर्जाला दिला जातो. खरे कारण बहुतेकदा मीटरिंग, म्हणजे प्रकाशाचे मोजमाप असते.

नेमके काय होते?
समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे, असे कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचे मीटर साधारणपणे गृहीत धरते. म्हणून पांढराशुभ्र बीबी का मकबरा मळकट दिसतो आणि वेरूळचा काळा पाषाण फिकट पडतो.

उपाय काय?
● फ्रेममध्ये पांढरे जास्त असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ च्या आसपास. काळे जास्त असेल, तर उणे.
● चेहऱ्यासाठी स्पॉट मीटरिंग.
● उजेड पाठीमागे आणि माणूस जवळ असेल, तर दिवसाही फ्लॅश.
● मोबाइलमध्ये चेहऱ्यावर टॅप करून उजेड वाढवा.

जुने डिजिटल कॅमेरे हौसेने घेणाऱ्या तरुणांनी मेगापिक्सेलचा आकडा विचारण्याआधी अधिक-उणेचे बटण शोधावे. मकबरा उद्याही तिथेच असेल; आजी-आजोबांचा फोटो पुन्हा काढता येईलच, असे नाही.