भाडेपट्टा कारखानदाराला, बाजारभाव कामगाराला

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी पैठण तालुक्यातील बिडकीन, निलजगाव आणि लगतच्या गावांची सुमारे ८,००० एकर जमीन शासनाने संपादन केली. शेतकऱ्याला एकरी २३ लाख रुपये मिळाले. मोबदल्यासाठी शेतकऱ्याने केलेला झगडा न्याय्यच होता. परंतु दर ठरला आणि लढा संपला, अशी जी समजूत त्यानंतर रूढ झाली ती मात्र घातक आहे. या जमिनीवर कामाला येणारा श्रमिक राहणार कोठे, आणि कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न अद्याप उभाच आहे. डाव्या चळवळीनेही त्याला हात घातलेला नाही.

कारखानदाराच्या बाबतीत हा प्रश्न शासनाने केव्हाच सोडविला आहे. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. हे महामंडळ भूखंड कायमचे विकून टाकीत नाही. ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. जमीन सार्वजनिक मालकीची, तिच्यावरील इमारत व यंत्रे उद्योजकाची, अशी ही विभागणी आहे. हस्तांतर करावयाचे तर महामंडळाची संमती लागते, अटी मोडल्या तर भूखंड परत घेता येतो. साठ वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था सुरळीत चालली आहे. तिच्यामुळे खाजगी उद्योगाचा उत्साह मावळला, असे कोणत्याही चेंबर ऑफ कॉमर्सने म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट जमीन विकत घेण्यात भांडवल अडकून पडत नाही, म्हणून उद्योजक तिचे स्वागतच करतो.

हेच तत्त्व कामगाराच्या घराला लावा म्हटले, की तो लगेच अव्यवहार्य समाजवाद ठरतो!

कामगाराच्या वाट्याला काय येते, हे वाळूजने दाखविले आहे. १९८५ मध्ये तेथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग शेकडो लहानमोठे उद्योग आले. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून आलेली तरुण पोरे रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी येथील पत्र्याच्या खोल्यांत भाड्याने राहू लागली. ज्यांनी चार पैसे गाठीला बांधले त्यांनी बाँडपेपरवर गुंठा-दोन गुंठे घेतले. रस्ता नाही, गटार नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, तेव्हा नियमित होण्यासाठी त्याच कामगाराला पुन्हा शुल्क भरण्यास सांगण्यात आले. जमिनीचा भाव चढला तो कोणाच्या घामाने? कारखाना कामगाराने चालविला, रस्ता व जलवाहिनी सरकारी तिजोरीतून आली. वाढलेली किंमत मात्र जमीन अडवून बसलेल्या दलालाच्या खिशात गेली. अर्थशास्त्र तिला अनर्जित वाढ म्हणते. बिडकीनच्या परिसरात तिला सरळ 'गुंतवणूक' म्हणतात.

या लुटीवर एक उपाय अस्तित्वात आहे आणि त्याचे मूळ आपल्याच मातीत आहे. विनोबांच्या भूदानातून ग्रामदान निघाले. सुलभ ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा वारसाहक्क कुटुंबाकडे राहतो आणि विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, मतदानाचा हक्क मागितला म्हणून जमिनीवरून हुसकावल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांनी १९६९ मध्ये 'न्यू कम्युनिटीज' नावाचा सामुदायिक भूमिन्यास स्थापन केला, तेव्हा त्याच्या प्रवर्तकांपुढे ग्रामदानाचा आदर्श होता. कर्ज नाकारले गेल्यामुळे तो न्यास १९८५ मध्ये जमीन गमावून बसला, परंतु कल्पना टिकली. बर्लिंग्टन शहरात बर्नी सँडर्स हे समाजवादी महापौर असताना १९८४ मध्ये नगरपालिकेच्या साहाय्याने असाच न्यास उभा राहिला. तेथे घर कुटुंबाच्या मालकीचे असते, जमीन न्यासाची. जमिनीची किंमत मोजावी लागत नसल्याने घर आवाक्यात येते. घर सोडताना कुटुंबाला भरलेली रक्कम मिळते आणि मूल्यवाढीचा साधारण पाव हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडते.

येथे सुशिक्षित वाचक सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे बोट दाखवील. संस्थेच्या नावावर जमीन असते हे खरे. पण सभासद आपली सदनिका बाजारभावाने विकतो, आणि संस्थेने हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घ्यावे, असा शासनाचा दंडक आहे! किंमत लाखांनी वाढो की कोटीने, समूहाचा वाटा तेवढाच. म्हाडाचे घरही पाच वर्षांनंतर विकता येते. सार्वजनिक पैशाने उभारलेले स्वस्त घर अशा रीतीने एका पिढीच्या आतच बाजाराच्या हवाली होते.

कामगारालाच नफा का नाकारता, असा कळवळ्याचा प्रश्न विचारला जाईल. हा कळवळा भाड्याच्या खोलीतून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्याविषयी कधी दिसला नाही. भूमिन्यासात कुटुंबाला कायमचे छप्पर मिळते, वारसाहक्क मिळतो, भरलेला पैसा परत मिळतो. नाकारला जातो तो फक्त पुढच्या कामगाराच्या मानेवर बसण्याचा हक्क. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बँका कर्ज देणार नाहीत, ही भीतीही निराधार आहे. सिडकोच्या ६० वर्षांच्या पट्ट्यांवर नवी मुंबईत त्या आजवर गृहकर्जे देत आल्या आहेत.

शासनानेच भाड्याची घरे बांधावीत, असे पक्षातील काही मित्रांचे मत आहे. ती मागणी सोडण्याचे कारण नाही. परंतु सरकारी मालक उद्या धोरण फिरवून तीच जमीन विकू शकतो. न्यासाच्या कारभारात एक तृतीयांश रहिवासी, एक तृतीयांश परिसरातील लोक, त्यांत जमीन गेलेले शेतकरी व शेतमजूर, आणि एक तृतीयांश सार्वजनिक प्रतिनिधी असले, तर विक्रीचा ठराव संमत होणे सोपे नाही.

गडचिरोलीतील मेंढा या गोंड गावाने २०१३ मध्ये आपली सगळी जमीन ग्रामदानात ग्रामसभेच्या स्वाधीन केली. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ चा आहे. म्हणजे कायदाही परका नाही. बिडकीनमध्ये तर खाजगी मालकाला समजावण्याचाही प्रश्न नाही. जमीन आधीच सार्वजनिक कंपनीच्या ताब्यात आहे, आणि तिच्यात राज्याच्या महामंडळाचे ५१ टक्के भाग आहेत. ८,००० एकरांचा विसावा हिस्सा ४०० एकर होतो. निवासी भूखंड विकसकांच्या हाती पडण्यापूर्वी एवढी जमीन अहस्तांतरणीय भूमिन्यासाकडे द्यावी, हा ठराव बिडकीन व निलजगावच्या येत्या ग्रामसभांत मांडला गेला पाहिजे, आणि त्याची प्रत घेऊन कार्यकर्त्यांनी वाळूजच्या प्रत्येक कामगार संघटनेच्या कचेरीत गेले पाहिजे.