लॉजच्या काउंटरवर शिष्टाचार कोणी शिकायचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातली पंधरा-सोळा मुलं-मुली वेरूळ-अजिंठ्याला गेली होती. सकाळी दौलताबादला थांबून आम्ही सगळ्यांना १९३४ चा प्रसंग सांगितला. बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत किल्ल्याच्या दारातल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून लोक अंगावर धावून आले. सांगताना आमचा आवाज चढला होता. मुलं गप्प झाली होती.

त्याच संध्याकाळी लॉजवर आमच्यातल्या दोन मित्रांना खोली नाकारली गेली. दोघं एकमेकांचे जोडीदार आहेत हे वर्गात बहुतेकांना माहीत होतं. एकाच्या कानात डूल आणि नखांना रंग होता. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्डं परत सरकवली आणि म्हणाला, "असल्यांना आमच्याकडे खोली नाही, फॅमिली लोक येतात इथं." त्या दोघांनी ती रात्र बसमध्ये काढली. आम्ही बाकीचे खोल्यांत झोपलो. एक जुना कार्यकर्ता वर त्यांनाच म्हणाला, "प्रवासात थोडा शिष्टाचार पाळायला हवा होता."

हा शिष्टाचार म्हणजे काय? समलिंगी माणसाला प्रवासाचे नियम सांगताना बहुतेक जण एकच नियम सांगतात: दिसू नका. भाऊ आहोत म्हणा, दोन वेगळे पलंग मागा, कानातलं काढून ठेवा. बडोद्यात पारशी धर्मशाळेत राहण्यासाठी बाबासाहेबांना वहीत खोटं पारशी नाव लिहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. ही गोष्ट वाचून 'बाबासाहेबांनी शिष्टाचार पाळायला हवा होता' असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. दोष दार लावणाऱ्याचा होता, हे आपल्याला लगेच कळतं. मग लॉजच्या काउंटरवर ते का कळत नाही?

काही जण म्हणतील, जातीचा प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. वेगळा आहेच. जातीसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी त्यामागे नाही, आणि समलिंगींमध्येही जात घट्ट आहे. २०१५ साली मुंबईत एका आईने आपल्या मुलासाठी नवरा हवा अशी जाहिरात दिली, त्यातही स्वजातीयाला पसंती कळवली होती. पण संविधानाचं कलम १५(२) वाचा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी यांची दारं कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून बंद करता येणार नाहीत. दौलताबादचा हौद आणि आमचा लॉज एकाच कलमात बसतात. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा लैंगिक कलावरचा भेदभाव 'लिंग' या शब्दात येतो असंही त्या निकालात म्हटलं गेलं. आणि १९३४ मध्येच, र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेबच. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते.

याचा अर्थ समलिंगी प्रवाशांना काहीच शिष्टाचार नाही असा नाही. विहारात, स्तूपापाशी कुठल्याही नवरा-बायकोने जसं वागावं तसंच त्यांनी वागावं, पण नियम दोघांनाही एकच हवा. परदेशी जाताना तिथला कायदा बघावा. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे, तर श्रीलंकेत इंग्रजांच्या काळातलं कलम अजून दंडविधानात आहे. अनुराधापूरला जाणाऱ्याने हे माहीत करून घेतलेलं बरं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲपवर भेटलेल्या स्थानिक मुलाचा फोटो त्याला न विचारता टाकू नये. आपण दोन दिवसांनी घरी परततो, त्याला त्याच गावात राहायचं असतं. आणि जिथे जिवाची भीती आहे तिथे कुणी ओळख लपवली तर तो त्याचा निर्णय. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पण शिष्टाचाराचा मोठा वाटा सोबत जाणाऱ्यांचा आहे, आणि तिथे आम्ही नापास झालो. त्या रात्री आमच्या हातात साधी गोष्ट होती. सोळाच्या सोळा जणांनी बॅगा उचलून बाहेर पडायचं होतं. सोळा जणांचं भाडं बुडतंय म्हटल्यावर मालकाने विचार केला असता. नसता केला, तरी ते दोघं एकटे पडले नसते. त्यांच्यातला एक आता अभ्यासवर्गाला येत नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, पण येतो म्हणाला नाही.

म्हणून आता आम्ही ठरवलंय: मुक्काम ठरवताना आधीच विचारायचं, बसमध्ये 'तसल्या' विनोदांना हसायचं नाही, कुणाची ओळख त्याच्या परवानगीशिवाय सांगायची नाही, आणि एकाला दार बंद झालं तर सगळ्यांनी बाहेर पडायचं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ६ डिसेंबरला तुमच्याही गावातून बस निघेल. तिच्यात बसण्याआधी हे एकदा आपसात बोलून घ्या.

जय भीम.