आधी मस्टर वाचा

कामगाराच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून तो कधी चुकेल हे सांगणाऱ्या प्रणालीचे माहितीपत्रक या आठवड्यात एका प्लांट मॅनेजरांनी कौतुकाने पाठवले. पापण्या किती वेळा मिटल्या, मान किती झुकली, सगळे मोजणार. तुमच्या कंत्राटी कामगारांचा ओव्हरटाइम कोण पाहते, असे मी विचारले. उत्तर आले, ‘ते टाइम ऑफिसकडे असते.’ संताप होतो तो इथे.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीबद्दल पूर्वी लिहिले आहे, तरी पुन्हा लिहितो. २३ मार्च २००५. तिथल्या बीपीच्या रिफायनरीत युनिट सुरू करताना, म्हणजे स्टार्टअपच्या वेळी, टॉवर भरून वाहिला, स्फोट झाला, १५ माणसे गेली. कंट्रोल रूममधला पातळीचा आकडा ८ फुटांच्या आसपास होता आणि हळूहळू उतरत होता. टॉवरमधले द्रव १५८ फुटांवर चढले होते.

त्या रिफायनरीचे दोन कागद शेजारी ठेवा. वरिष्ठ ज्यावर विसंबले, तो कामगारांच्या दुखापतींचा तक्ता; तो चांगला दिसत होता. दुसरा हजेरीचा: ऑपरेटर सलग २९ किंवा त्याहून जास्त दिवस रोज १२ तास राबत होते. कंट्रोल बोर्डावरचा एकच माणूस तीन युनिटे सांभाळत होता. आधीच्या पाच वर्षांतल्या बहुतेक स्टार्टअपमध्ये त्याच टॉवरची पातळी प्रमाणाबाहेर गेल्याची नोंद संगणकात होती. आणि रात्रपाळीने लॉगबुकात जेमतेम एक ओळ लिहिली होती. यातली एकही माहिती मिळवायला नवा सेन्सर लागत नव्हता. माणूस कुठे चुकणार, हे हजेरीचा कागद आणि या नोंदी सांगत होत्या आणि त्या कोणी वाचत नव्हते.

आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. थकव्याचा तोच धोका आता इथेही आहे. म्हणून व्यवस्थापकांना कळकळीने सांगतो: ओव्हरटाइम, रखडलेली मेंटेनन्सची कामे, वाजलेले अलार्म आणि लॉगबुकातल्या नोंदी दर महिन्याला युनिटवार एका तक्त्यात मांडा. कामगाराचे नाव त्यात घालू नका. नाव आले की लोक खरे लिहायचे थांबतात. ज्या युनिटचे आकडे बिघडतील तिथे माणसे वाढवा, साप्ताहिक सुट्टी द्या, गरज पडली तर स्टार्टअप पुढे ढकला. हे करायची तयारी नसेल, तर कॅमेऱ्यावर पैसे घालू नका.