दशहरीचे शेजारी

जून महिन्यात लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याला शहरात शिरेपर्यंत एकाच फळाचे नाव ऐकू येते. हातगाडीवर, मंडईत, नातेवाइकांच्या घरी बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या बादलीत, सगळीकडे दशहरी. परतताना पाहुण्याच्या हातात दशहरीची पेटी असतेच. हे आंबे येतात ते प्रामुख्याने लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या मलिहाबादच्या बागांतून. वाटेत काकोरीजवळ दशहरी नावाचे गाव आहे. दशहरीचे मूळ झाड आजही तिथे उभे असून त्याचे वय दोनशे वर्षांहून अधिक असल्याचे सांगतात. २००९ साली मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मग चिंता कसली? चिंता आहे ती दशहरीच्या शेजाऱ्यांची.

नवाब आणि तालुकदारांच्या हौसेने या भागात एकेकाळी नाना प्रकारचे आंबे लावले गेले. त्यांत कलमी होते, तसेच कोयीपासून आपोआप वाढलेलेही होते. कोयीच्या झाडांना तिकडे ‘तुख्मी’ म्हणतात. तुख्म म्हणजे बी. आपल्याकडचा रायवळ म्हणजे हाच आंबा. प्रत्येक झाडाची चव निराळी, कोणाचा रस पातळ, कोणाला धागे फार. हा आंबा कापून खायचा नसतो, चोखायचा असतो. बाजारात मात्र त्याला दशहरीसारखा भाव मिळत नाही. त्यामुळे जुने तुख्मी झाड तोडायचे, लाकूड विकायचे आणि त्या जागी दशहरीचे कलम लावायचे, हा सोपा हिशेब झाला. शहर वाढू लागले तशी जमिनीलाही किंमत आली.

पण हा हिशेब वाटतो तितका फायद्याचा नाही. दशहरीच्या मोहोरात स्वतःच्याच परागाने फळधारणा नीट होत नाही. जवळपास दुसऱ्या जातीची झाडे हवीत. म्हणूनच दशहरीच्या बागेत ‘बॉम्बे ग्रीन’सारख्या जातीची काही झाडे ठेवण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. हे पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम माश्या आणि इतर कीटक करतात. तुडतुड्यांच्या भीतीने ऐन मोहोरात औषध फवारले, तर तुडतुड्यांबरोबर हे मदतनीसही मरतात. शिवाय दशहरीचे कलम बांधले जाते तेच मुळी देशी कोयीच्या रोपावर. कोकणातही हापूसचे कलम रायवळच्या कोयीवर चढते. वर राजा, खाली मुळे रयतेची.

सगळ्या बागा एकाच जातीच्या असल्या की सगळा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव पडतो. दशहरी एका वर्षी भरभरून येतो, तर दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो. अशा वेळी जूनअखेरीनंतर येणारा सफेदा, त्यामागून येणारा चौसा अशी झाडे बागेत असली, तर घराला आणखी काही आठवडे उत्पन्न मिळत राहते.

मलिहाबादजवळ रहमानखेडा येथे केंद्र सरकारची उपोष्ण फलोद्यान संशोधन संस्था आहे. १९७२ साली आंबा संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. तिच्या संग्रहात आंब्याचे सातशेहून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत. पण संस्थेच्या कुंपणाआड जपलेले झाड आणि शेतकऱ्याच्या दारातले झाड यांत फरक असतो. दारातल्या झाडाचे फळ घरात खाल्ले जाते, त्याच्या फांद्या शेजारी कलमासाठी मागून नेतात आणि मुलांना त्याचे नाव ठाऊक असते. म्हणून या जाती शेतकऱ्यांच्याच बागांत टिकाव्यात, असा प्रयत्न २००९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने सुरू झाला. भारत, इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड हे चार देश त्यात होते. भारतात मलिहाबादबरोबर बिहारमधील पुसा, आंध्रातील चित्तूर, कर्नाटकातील शिरसी आणि लिंबूवर्गीय फळांसाठी आपले अमरावती निवडले गेले.

कामाची पद्धत अगदी साधी होती. गावकऱ्यांना एकत्र बसवून जमिनीवर चार चौकटी आखायच्या. एका चौकटीत पुष्कळ घरांत पुष्कळ झाडे असलेल्या जाती. दुसरीत पुष्कळ घरांत, पण एक-दोनच झाडे असलेल्या. तिसरीत थोड्या घरांत पुष्कळ झाडे असलेल्या. चौथीत थोड्याच घरांत एखाददुसरे झाड उरलेल्या. दशहरी अर्थातच पहिल्या चौकटीत जाऊन बसतो. चौथी चौकट पाहिली की कोणते झाड उद्या तुटले तर ती जातच संपेल, हे सर्वांना डोळ्यांसमोर दिसते. मग त्या झाडाच्या काड्या घेऊन कलमे बांधायची आणि इतरांना वाटायची. आंब्यांची प्रदर्शने भरवून कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दाखवायचे. पुढे या भागातील शेतकऱ्यांनी आंब्याचे वैविध्य जपण्यासाठी स्वतःची संस्थाही उभी केली.

एवढ्याने भागत नाही. झाडाने घराला काही दिले, तरच घर झाडाला राखते. इथे स्त्रियांचा हात लागतो. आंबट तुख्मी कैरी लोणच्याला आणि आमचुराला उत्तम. वाऱ्यावादळात पडलेल्या कैऱ्या एरवी मातीमोलाने जातात. त्याच सोलून, चकत्या करून वाळवल्या की वर्षभर टिकतात. लोखंडी सुरीने चकत्या काळ्या पडतात. स्टीलची सुरी वापरली आणि चकत्या जमिनीवर न पसरता स्वच्छ कापडावर वाळवल्या, तर आमचूर फिकट रंगाचा होतो आणि त्याला भावही चांगला येतो. झाडांखालच्या सावलीत हळद घेता येते. कोंबड्या पाळल्या तर त्या किडे टिपतात, खत देतात आणि अंडीही देतात.

मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खाँ यांनी एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमे बांधली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे झाड पाहायला दूरदूरचे लोक येतात. पण सगळ्या जाती एकाच झाडावर राहून चालणार नाही. त्या अनेक अंगणांत हव्यात.

आपल्याकडेही रायवळ असाच कमी होत चालला आहे. रायते, पन्हे, साठे, आंब्याचे लोणचे, कितीतरी पदार्थांत त्याची चव आहे. या उन्हाळ्यात बाजारात हापूसची पेटी घेताना शेजारी टोपलीत रायवळ घेऊन बसलेल्या बाईकडूनही डझनभर आंबे घ्यावेत. जमल्यास ते झाड कोणत्या गावचे, हेही विचारावे. तिच्या टोपलीला गिऱ्हाईक असेल, तरच तिच्या दारातल्या झाडावर पुढच्या वर्षी कुऱ्हाड पडणार नाही.