रस्ता कोणाचा, नियम कोणासाठी?

वाहतुकीचा नवा नियम आला की आपल्याकडे ठरलेले नाटक सुरू होते. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांत दंडाचा तक्ता छापून येतो. दुसऱ्या दिवशी 'आधी खड्डे बुजवा, मग दंड घ्या' अशी ओरड होते. तिसऱ्या दिवशी एखादा पुढारी लोकभावनेचा कैवार घेऊन उभा राहतो आणि महिन्याभरात नियम कागदावर, गाड्या पूर्वीसारख्याच रस्त्यावर.

१ सप्टेंबर २०१९ रोजी मोटार वाहन (सुधारणा) कायद्यातील वाढीव दंड देशात लागू झाले तेव्हा हेच घडले. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. दारू पिऊन चालवणाऱ्याला १०,००० रुपये ठरले. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. गुजरात सरकारने दहा दिवसांतच अनेक दंड खाली आणले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून अंमलबजावणी थांबवून केंद्राला फेरविचार करण्यास कळवण्यात आले. नवे दंड आपल्या राज्यात लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे असल्याची आठवण वाहतूक पोलिसांनी करून दिली, तेव्हा पुन्हा विनोदांचा पाऊस पडला. वास्तविक ही तरतूद कायद्यात आधीपासूनच होती.

चळवळीतील अनेकांना हा विषय किरकोळ वाटतो. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, खासगीकरण असे प्रश्न समोर असताना हेल्मेट आणि सिग्नलवर काय लिहायचे? पण रस्ता हा आपल्यासाठी किरकोळ विषय कधीच नव्हता. या देशात शेकडो वर्षे आपल्या बापजाद्यांना रस्त्यावरून चालण्याचाच हक्क नव्हता.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात रस्त्याचा नियम सांगितला आहे. कोणी कोणाला वाट द्यावी याची तेथे यादी आहे. वाहनात बसलेला, अतिवृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी, असे ते सांगते. यादीत रोगी आणि भारवाहक आहेत म्हणून कोणी मनूचे कौतुक करू नये. पुढचाच श्लोक वाचावा. हे सर्व एकाच वेळी समोरासमोर आले तर मान राजाचा आणि स्नातकाचा, आणि राजा व स्नातक समोरासमोर आले तर राजाने स्नातकाला मान द्यावा. म्हणजे शेवटी वाट कोणाची, हे गरज पाहून ठरत नाही, दर्जा पाहून ठरते. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला. सवर्ण येत असेल तर त्याच्यावर सावली पडू नये म्हणून अस्पृश्याने रस्ता सोडायचा, हा तेथला वाहतुकीचा नियम होता. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात याची नोंद करून ठेवली आहे.

आता चौकातल्या लाल दिव्याचा विचार करा. समोर मंत्री असो, सावकार असो, बिल्डर असो की रद्दीवाला, लाल दिवा लागला की सर्वांनी थांबायचे. हिरवा लागला की सर्वांनी निघायचे. जात, धर्म, पैसा, हुद्दा काही विचारायचे नाही. भारतीय संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाने सांगितलेली कायद्यापुढील समानता सामान्य माणसाला रोज डोळ्यांनी दिसते ती या दिव्यात. म्हणूनच ती अनेकांना सहन होत नाही. 'मी कोण आहे माहीत आहे का?' हा प्रश्न चौकात पोलिसाला विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याच्या तोंडून मनूच बोलत असतो.

मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला. पण मनातला दिवा गेला का? गाडीच्या काचेवर आणि नंबरप्लेटवर जातीचे नाव, कुळाचे नाव, पक्षाचे पद मिरवले जाते ते कशासाठी? उत्तर प्रदेशात डिसेंबर २०२० मध्ये परिवहन विभागाला गाड्यांवरील जातीच्या नावांविरुद्ध कारवाईचे आदेश काढावे लागले. जातीचे नाव गाडीवर लिहिले की पोलीस अडवताना दोनदा विचार करतो, आणि समोरचा गाडीवाला आधी वाट देतो. हाच तो 'वाट द्यावी'चा श्लोक, फक्त आता तो स्टिकरवर छापून मिळतो.

आता या रस्त्यावर मरतो कोण ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातात मेली. त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. ३२ हजारांहून अधिक लोक पायी चालणारे होते. हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर मेले. एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक बळी गेले. या अहवालात जातीचा रकाना नाही. पण पहाटे रस्ता झाडायला कोण उतरते, वीटभट्टीवरून आणि नाक्यावरून पायी घरी कोण परततो, ऊसतोडीसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड घालून कोण जाते, पिकअपच्या हौद्यात उभे राहून बाजाराला कोण निघते आणि घरोघरी पार्सल पोहोचवायला जुन्या दुचाकीवर कोण धावते, हे सांगायला अहवालाची गरज नाही. आपल्या वस्तीतील प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

म्हणून नव्या नियमांवर ज्या प्रतिक्रिया उमटतात, त्या कोणाच्या आहेत हेही तपासले पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, हेल्मेटची अंत्ययात्रा काढण्यात आली. डोके आमचे, मर्जी आमची, असा एकूण सूर होता. ज्यांच्या घरी चार महिने बसून खाण्याची सोय आहे त्यांना ही मर्जी परवडते. रोजंदारीवर जाणारा कमावता माणूस डोक्याला मार लागून पडला तर त्याच्या बायकोला धुणीभांडी धरावी लागतात आणि मुलीचे शिक्षण सुटते. त्याचे डोके त्याच्या एकट्याचे नसते, सगळ्या घराचे असते.

दुसरे उदाहरण श्रीमंतांचे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. गाडी १७ वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. पालकांना जबाबदार धरणारा कायदा २०१९ पासून होताच. लोकांचा संताप रस्त्यावर आला नसता तर त्या कायद्याची आठवण कोणाला झाली असती? पाकीट मारल्याच्या संशयावरून आपल्या वस्तीतल्या पोराला रात्रभर कोठडीत ठेवणारी व्यवस्था इथे निबंध लिहून घेत होती.

तिसरे उदाहरण ट्रकचालकांचे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी चालकांनी चाके थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवसांत सरकार नमले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. या चालकांना शिव्या देणे सोपे आहे. पण त्यांत आपलेही भाऊ आहेत. थांबलो तर जमाव मारतो, ही त्यांची भीती खोटी नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता आणि तो २०२५ पर्यंत लागू होता. चालकाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, असे तो सांगत होता. किती मालक तो पाळत होते? झोपेने डोळे मिटणाऱ्या चालकाला १० वर्षे आणि त्याला सलग गाडी हाकायला लावणाऱ्या मालकाला काय? चालकांची ही बाजू खरी आहे. त्याचबरोबर, ट्रकखाली सापडून रस्त्याच्या कडेला तडफडत पडलेल्याची बाजूही खरी आहे. फरक एवढाच की पायी चालणाऱ्याची संघटना नाही. तो संप करू शकत नाही.

'आधी खड्डे बुजवा' म्हणणाऱ्यांनाही एक सांगितले पाहिजे. त्याच २०१९ च्या सुधारणेत कलम १९८-अ आहे. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्याने कोणी मेले वा अपंग झाले तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम २१०-ब म्हणते की कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड. हेल्मेटच्या दंडाची चर्चा घराघरांत झाली. या दोन कलमांची चर्चा किती झाली? खड्ड्यांचे निमित्त करून आपला दंड चुकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी ठेकेदारावर हे कलम लावा म्हणून अर्ज केला? दंड माणूस पाहून होतो ही खरी तक्रार आहे. आणि दंड सर्वांना सारखा, हीदेखील समानता नाही. हजार रुपये म्हणजे मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी आणि मोटारवाल्याचे एका रात्रीचे जेवण. ही विषमता दाखवून देण्याचे काम आपले आहे. पण त्यासाठी नियमच नको म्हणणे हा आत्मघात आहे.

येथे थोडे आपल्या घरातही पाहू. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतील लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. टांगेवाले महाराला टांग्यातून न्यायला तयार नव्हते. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. आपल्या नेत्याने पायी चालत यावे हे लोकांच्या मनाला पटेना, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एकजण पुढे बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी यातून दोन गोष्टी सांगितल्या. एक, साधा टांगेवालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो. दुसरी, आपल्या माणसांनी मान राखण्यासाठी त्यांचा जीवच धोक्यात घातला.

पहिली गोष्ट आपण भाषणात नेहमी सांगतो. दुसरी सांगत नाही. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत एकेका गाडीवर तिघे, डोक्यावर निळा फेटा, हेल्मेट एकाकडेही नाही, कर्णकर्कश सायलेन्सर आणि नंबरप्लेटवर आकड्यांच्या जागी 'जय भीम' हे चित्र अनेक शहरांत दिसते. हा मान राखण्याचा तोच चाळीसगावचा मार्ग आहे. दुसऱ्याच्या गाडीवरच्या जातीला नावे ठेवायची आणि आपल्या गाडीचा क्रमांक बाबासाहेबांच्या नावाने झाकायचा, हे चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की संवैधानिक नैतिकता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. रात्री अकरा वाजता चौकात पोलीस नसताना लाल दिव्याला थांबणे, ही त्या जोपासनेची अगदी लहान पण खरी परीक्षा आहे.

मग करायचे काय? प्रत्येक बुद्धविहारात आणि मंडळात महिन्यातून एक बैठक या विषयावर घ्या. रॅलीला येणाऱ्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट सक्तीचे करा. रस्त्यावर जखमी पडलेल्याला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे, हे लोकांना सांगा. अपघातग्रस्तांवर पहिले ७ दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरी मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. वस्तीतील किती विधवांना हे माहीत आहे? कार्यकर्त्यांनी हे अर्ज भरून द्यावेत. आणि सर्वांत मोठी मागणी फुटपाथची आहे. पादचाऱ्याचा फुटपाथवरील हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तो निकाल हातात घेऊन नगरपालिकेच्या दारात उभे राहा. उड्डाणपूल मोटारवाल्यांसाठी होतात. आपल्याला फुटपाथ, दिवे आणि वेळेवर येणारी एसटी हवी आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या रस्त्यावरून आपली माणसे शिस्तीने रांगेत चालत चवदार तळ्यावर गेली. सार्वजनिक तळे आणि सार्वजनिक रस्ता सर्वांचा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या रस्त्याचा हक्क आपण मिळवला. आता त्या रस्त्यावरून संध्याकाळी घरी जिवंत परतण्याचा हक्कही मिळवायचा आहे. तो मागताना आपण स्वतः नियम पाळणारे असलो, तर आपल्याला वाट सोड म्हणण्याची हिंमत कोणाला होणार नाही.