घरभाडें आणि पावती

घरमालक व भाडेकरू यांच्या तंट्याचा विषय निघाला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें मुंबईची चाळ उभी राहते. तेथील मालकाचें गाऱ्हाणें भाडें अत्यल्प असल्याचें. आणि तें निराधार नव्हतें. १९४० सालच्या पायावर भाडीं गोठविणाऱ्या १९४७ च्या मुंबई कायद्यांतील तरतुदी काळाच्या ओघांत अवाजवी झाल्या आहेत, असें सर्वोच्च न्यायालयानेंच १९९७ सालीं सांगितलें. आमच्या मंठ्यासारख्या गांवचें दुखणें मात्र निराळें. येथें तंटा भाड्याच्या दराचा क्वचित्, थकबाकीचा नेहमींचा.

त्याचें मूळ कोणाच्या लबाडींत शोधण्यापूर्वीं येथील व्यवहार पाहावा. मंठा हें जालना-जिंतूर रस्त्यावरचें बाजाराचें गांव. भोंवतालचा शेतकरी कापूस, सोयाबीन व तूर यांवर जगणारा. त्याचा माल विकेपर्यंत दुकानदाराची उधारी फिटत नाहीं, आणि ती फिटेपर्यंत दुकानदाराच्या हातीं भाड्याचा पैसा येत नाहीं. भाडें महिन्याचें, मिळकत हंगामाची! उलट, ज्या घरमालकास आपण धनाढ्य समजतों, तो पुष्कळदां दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी चालविणारा वृद्ध असतो, किंवा मुलांच्या शिक्षणाचा भार वाहणारी विधवा असते. पाऊस लांबला म्हणून तिचा वाणी थांबत नाहीं. दोघेही अडलेले, आणि दोघांचेंही म्हणणें खरें. म्हणूनच तंटा कडवट होतो.

आमच्या धर्मशास्त्रकारांनींही हा प्रश्न सोडलेला नाहीं. नारदस्मृतींत 'वेतनस्यानपाकर्म' या प्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, दुसऱ्याच्या जागेवर घर बांधून भाडें देऊन राहिलेल्यानें जातांना आपलें छप्पर, लांकूड व विटा न्याव्या; भाडें न देतां, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिलेल्यास तो अधिकार नाहीं. तात्पर्य, भाड्यांत केवळ मालकाचा लाभ नाहीं. भाडेकरूचा हक्कही त्यावरच उभा असतो.

आजच्या कायद्याची दृष्टि याहून फारशी दूर नाहीं. मराठवाड्यांत पूर्वीं हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यानें घेतली. हा अधिनियम ज्या क्षेत्रांस लागू आहे, तेथें थकबाकीची लेखी नोटीस पोंचून ९० दिवस लोटल्यावांचून त्या कारणावरून दावा लावतां येत नाहीं. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनें सर्व बाकी शेंकडा १५ सरळ व्याजासह भरली, न्यायालय सांगेल तो खर्च दिला, आणि निकालापर्यंत भाडें नियमित भरलें, तर त्याचें घर वांचतें. इतर गांवीं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. तेथें, निराळा करार नसल्यास, महिन्याच्या बोलीनें दिलेली जागा १५ दिवसांच्या नोटिशीनें परत मागतां येते. पण कुलूप ठोकून बिऱ्हाड बाहेर काढण्याची मुभा कोठेंच नाहीं. तसें झाल्यास भाडेकरू १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमान्वयें सहा महिन्यांच्या आंत दावा करून ताबा परत मागूं शकतो.

इतकें असूनही प्रकरण चिघळतें, कारण कागद नसतो. 'ओळखीच्या माणसाजवळ पावती काय मागावयाची?' या संकोचांत वर्षें निघून जातात. मग एक म्हणतो दिलें, दुसरा म्हणतो पोंचलें नाहीं. १९९९ च्या कायद्यानें पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारीही त्याचीच. ती टाळल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें.

म्हणून मालकांनीं पावतीचा संकोच सोडावा आणि भाडेकरूंनीं ती मागण्याचा. ज्याची प्राप्ति हंगामी, त्यानें तसें आरंभींच सांगून हप्त्यांच्या तिथि करारांत लिहवून घ्याव्या. बाकी आधींच थकली असेल, तर दिवाळीपूर्वीं दोघांनीं एकदां समोरासमोर बसून हिशेब मांडावा, आंकडा लिहावा व खालीं दोघांनींही सही करावी. वकिलाकडे जाण्यास त्यानंतरही वेळ असतो. पुष्कळदां मग जाण्याचें कारणच उरत नाहीं.